बटणांच्या दुकानातली बाई

शर्टाचं एक बटण तुटलं होतं, म्हणून मी त्या दुकानात शिरलो. निमित्त एवढंच.

बायको जाऊन बरेच महिने झाले होते. त्या दिवसांत मला फारसं काही वाटत नसे. दुःखसुद्धा नाही. चहा गार झाला तर तसाच प्यायचो, दिवा लावायचा राहिला तर अंधारात बसून राहायचो. लेक दुसऱ्या गावी नोकरीला. आम्ही तिला ठमी म्हणतो. तिनं फोनवर बजावलं होतं, रोज एका तरी अनोळखी माणसाशी बोलत जा, नाहीतर तोंड उघडायचं विसरशील. मी औषध घ्यावं तसं ते करायचो. औषधवाल्याला त्याच्या गुडघ्याचं विचारायचो, इस्त्रीवाल्याशी उन्हाबद्दल बोलायचो. दोघंही भली माणसं, पण मागे गिऱ्हाईक उभं राहिलं की आमचं बोलणं अर्ध्यावर राहायचं.

बटणांच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक कधी दिसलंच नाही. लांबट, अरुंद जागा. भिंतभर छोटे ड्रॉवर, प्रत्येकावर नमुन्याचं एक बटण टाचलेलं. भर दुपारीही आत दिवा लागे. खळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास. काउंटरमागे एक मध्यमवयीन बाई. चेहरा असा, की पाठ फिरली की विसरून जावा. तिनं शर्ट हातात घेतला, बटण जुळवून दिलं आणि सहज विचारलं, घरी बटणं कोण लावायचं?

मी सांगितलं. मग सांगतच राहिलो. ती मध्ये बोलत नसे. मान थोडी कलती करून ऐकायची, कोणी मापं सांगत असल्यासारखी. बाहेर पडलो तेव्हा हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोजच जायला लागलो.

काय काय बोललो ते मात्र विचारू नका. बोललो एवढं आठवतं. काय, ते आठवत नाही.

हे लक्षात आलं ते ठमीमुळे. तिला सर्दी झाली होती. फोनवर शिंकली आणि हसत म्हणाली, अगदी आईसारखी आली बघ. मी विचारलं, आई कशी शिंकायची?

ती हळूच म्हणाली, "बाबा, तूच तर नक्कल करायचास... तीन बारीक, मग एक दणदणीत. आणि मग भिंतीला सॉरी म्हणायची."

मी आठवून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. फोन ठेवून भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. फोटोत एक बाई होती. चांगली होती दिसायला. मी घाबरायला हवं होतं. मी आत जाऊन भांडी घासली.

ठमी रजा टाकून आली. मला डॉक्टरकडे न्यायचं तिनं ठरवलं होतं, पण रोज जातोस ते दुकान आधी दाखव म्हणाली. खांद्यावरची बॅगही न उतरवता ती माझ्याबरोबर निघाली. आम्ही पोचलो तेव्हा वीज गेली होती. काउंटरवर एक मेणबत्ती. तिच्यामागे बाईचा नुसता आकार दिसत होता.

तो आकार शिंकला. तीन बारीक, मग एक दणदणीत. मग भिंतीकडे वळून पुटपुटला, "सॉरी."

ठमीनं माझा दंड घट्ट धरला. मला ती शिंक ओळखीची वाटली नाही. फक्त फोनवर ऐकलेलं वर्णन जुळलं.

"आलीस होय गं," अंधारातून बाई म्हणाली. "केवढी वाळलीस..."

ठमीनं दंड सोडला. "बाबा... तू बाहेर थांब जरा."

तिला काही सांगू नकोस, असं मी म्हणालो. दोनदा म्हणालो. तिनं ऐकलं नाही.

काचेतून मला दिसत होतं. ठमी स्टुलावर बसली. रडली, मग हसली. एकदा माझ्याकडे बोट दाखवून कितीतरी वेळ बोलत राहिली, हातवारे करत, लहानपणी करायची तशी. बाई मान कलती करून ऐकत होती. मी दार ढकललं. ते आत उघडायचं नेहमी. आता हललं नाही. काचेवर थापा मारल्या. आत कोणी वळून पाहिलं नाही.

मग ठमी आपणच बाहेर आली. दार अलगद उघडलं. चेहरा कसा धुतल्यासारखा मोकळा.

"काका, वाट देता का जरा?"

"ठमे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही ओळखता मला?"

मी उत्तर देण्याआधी दुकानातून कोणीतरी खाकरलं. "ठमे, पोचलीस की फोन कर गं."

आवाज पुरुषाचा होता. आपला आवाज आपल्याला पटकन ओळखू येत नाही म्हणतात. मला आला.

ठमीनं वळून काचेकडे हात हलवला. "हो रे बाबा," म्हणाली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली. मी मागे गेलो. अनोळखी माणूस मागे लागला की बायका करतात तसं तिनं झपझप पाऊल उचललं. मग मी थांबलो. उगाच घाबरायची ती.

दिवेलागणीच्या वेळी मी फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. तो वाजला नाही. उठून दुकानाकडे गेलो. शटर खाली, बाहेरून कुलूप. आत फोन वाजत होता. वाजता वाजता मध्येच थांबला, कोणीतरी उचलला.

मी पत्र्याला कान लावला. आत बाईचा आवाज होता आणि माझा. दोघं आळीपाळीनं बोलत होते, प्रवास कसा झाला, जेवलीस का. आणि त्यांच्यामागे, पार भिंतीपर्यंत, आणखी कितीतरी माणसं दबक्या आवाजात आपापल्या लेकरांना तेच विचारत होती.