तळ्याचा टाका

आमच्या कंपनीत माझं काम एवढंच : खेळ अडखळतो का ते मोजायचं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं येतात. एखादं उशिरा आलं तर डोळ्याला कळेलच असं नाही, पण हाताला कळतं. घास चावताना दाताखाली खडा यावा तसं. म्हणून मी नेहमी सांगते, साठ चित्रं धक्के खात येण्यापेक्षा तीस नेमाने आलेली बरी. माझ्या संगणकावर एक रेघ सरकत असते. चित्रं वेळेवर आली की ती सपाट. एक जरी रेंगाळलं की टोक वर उठतं.

तेव्हाच्या खेळात एक तळं होतं आणि वल्हवायची नाव. ज्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेम खेळलेला नाही अशी माणसं आम्हाला हवी होती, म्हणून एका दुपारी मी आईला घेऊन गेले. आईने तीस वर्षं शिवणकाम केलेलं. तिसरा मजला चढताना ती दोनदा थांबली. "वय झालं गं," म्हणाली.

दहा मिनिटं खेळून तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"तुझ्या तळ्याचा टाका सुटतोय."

रेघेवर खरंच टोकं होती. आमच्या प्रोग्रामरला सगळे चष्मिस म्हणतात. त्याने खेळून पाहिलं, रेघ सपाट. मी खेळले, सपाट. आईच्या हाती कंट्रोलर दिला, की टोकं. चष्मिसने संगणक बदलला, वायरी बदलल्या, चार दिवस प्रोग्राम उकरला. पाचव्या दिवशी आई पुन्हा येऊन बसली, टोकंही आली.

"काकू, तुम्हाला बघून आमच्या मशीनला घाम फुटतो," तो म्हणाला.

आई हसली. मला हसू येईना. बिघाडालाही एक चाल असते. इथे ती नव्हती. सात सेकंद ठीक, मग एक टोक. मग तीन सेकंद ठीक. मग लागोपाठ दोन टोकं.

"अंगठा असा ठेव," म्हणत मी तिचं मनगट धरलं. बोटांखाली नाडी लागली. टक, टक, टक.

मग काहीच नाही.

त्याच क्षणी नाव थबकली.

नाडी आली. नाव निघाली.

नाडी गेली. नाव थबकली.

मी कंट्रोलर काढून घेतला. "आई, ऊठ. डॉक्टरकडे जायचंय."

"आत्ता? मला काय धाड भरलीये?"

"आत्ताच."

डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी दोनदा पाहिली. "हृदय मध्येच ठोका गाळतंय. चक्कर येत होती?"

"कधीमधी," आई पुटपुटली. मला ती यातलं एक अक्षर बोलली नव्हती.

"वेळेवर आणलंत," डॉक्टर मला म्हणाले. "कशावरून वाटलं?"

"नाडी हाताला लागली," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

पेसमेकर बसवल्यावर महिन्याभराने आई तिन्ही मजले एका दमात चढली. तासभर तळ्यात हिंडली. रेघ सपाट.

"काय दुरुस्त केलंस?" चष्मिसने विचारलं.

"मशीनमध्ये? काहीच नाही."

त्याने चष्मा काढून पुसला.

गेल्या आठवड्यात वहिनी खेळ बघायला ऑफिसात आली होती. नाव वल्हवताना तिला काहीच खटकलं नाही. पण रेघ अगदी सपाट नव्हती. तिच्यावर बारीक, भराभर उठणारे ठोके होते, मिनिटाला दीडशेच्या आसपास. मी वहिनीची नाडी धरली. ती संथ होती, बाहत्तर.

"वहिनी, गोड बातमी आहे का?"

ती लाजून हसली. "परवाच कळलं. अजून तुझ्या दादालाही सांगितलं नाही. तू कसं ओळखलंस?"

"चेहऱ्यावरून," मी म्हणाले आणि तिला मिठी मारली.

तिच्या खांद्यावरून मला पडदा दिसत होता. बारीक ठोक्यांच्या दोन माळा होत्या, दोन्ही दीडशेच्या घरातल्या, एक पुढे, दुसरी किंचित मागे.