तळ्याकाठचा घोंगडीवाला

साताऱ्यातल्या त्या भाड्याच्या सभागृहात पंखा कुरकुरत होता, मागच्या टेबलावर पोहे गार होत होते आणि पुढच्या रांगेतले हंबीरराव उभे राहून घोड्याबद्दल विचारत होते.

"मॅडम, एवढंच सांगा. तुमचं घोडं गुडघाभर पाण्यात बुडतं कसं? मी फौजेत उभी हयात काढली, असलं घोडं कुठं बघितलं न्हाई."

सगळे हसले. विश्वजीतनं माईक ओढून घेतला. "घोडं मी केलंय, सुभेदारसाहेब. त्याला पोहायला शिकवायचं राहून गेलं."

'यक्षपठार' हा आमचा खेळ. मी आणि विश्वजीतनं माधवनगरात, यंत्रमागाच्या शेडवरच्या खोलीत बसून तो बनवला. धुक्यातलं पठार, त्यावर यक्ष, मंतरलेल्या तलवारी, प्रतिबिंब न दाखवणारी तळी. माणसं आपापल्या गावात मोबाईल उघडायची आणि या पठारावर एकमेकांना भेटायची. एके काळी गर्दी मावत नव्हती. आता मूठभर जुने खेळाडू उरले होते, त्यामुळे महिनाअखेरीला आम्ही खेळ बंद करणार होतो. मनात राहिलेलं काय ते विचारून घ्या, म्हणून त्यांना सकाळी सकाळी बोलावलं होतं. जड मनानं का होईना, माणसं आली. लग्नापेक्षा दहाव्याला माणसं जास्त प्रामाणिकपणे येतात, हे मी तेव्हा विश्वजीतच्या कानात म्हणाले. त्याला ते आवडलं नाही.

प्रश्न मात्र मजेचे होते. काळी तलवार अचानक बोथट का केली? यक्षाच्या आरशाचा शेवटचा तुकडा कुणाला तरी मिळाला का? मी उत्तरं देत होते आणि प्रत्येक उत्तराबरोबर आत काहीतरी हलत होतं. इतकी वर्षं यांनी आमच्या पठारावरचा दगड न् दगड बघितला होता, आणि आम्ही तो गुंडाळून ठेवणार होतो.

मग हंबीररावांनी पुन्हा हात वर केला. या वेळी ते हसत नव्हते.

"पश्चिमेच्या तळ्याकाठी घोंगडं पांघरून बसलेला मेंढका, त्यो कोन?"

"असं कुणी आम्ही ठेवलेलं नाही," मी म्हणाले.

सभागृहात चुळबुळ झाली. माझ्या लक्षात आलं की तो सगळ्यांनाच माहीत आहे. लोणंदहून आलेली साक्षी म्हणाली, "मॅडम, तो कायम असतो. कधीही जा. बोलत नाही काही. आपण शेकोटीशी गेलो की सरकून जागा देतो."

"कुणाचं तरी खातं अडकून पडलं असेल," विश्वजीत म्हणाला. "असं होतं कधीकधी."

"त्यो माझा जोतिबा हाय."

आवाज शेवटच्या रांगेतून आला. साठीच्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात रबर लावून सांधलेला मोबाईल. बनुबाई त्यांचं नाव. माणातल्या, दहिवडीच्या अलीकडच्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मुलगा मुंबईत गोदामात पोती उचलायचा आणि संध्याकाळी आईला या पठारावर भेटायचा. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघं नुसतेच शेजारी बसायचे. आईसाठी त्यानं निवडलेलं रूप सोनेरी शिंगांच्या यक्षिणीचं होतं. स्वतःसाठी त्यानं घोंगडं घेतलं होतं.

मुंबईत तो तापानं गेला, त्याला आता तीन वर्षं झाली होती.

बनुबाई सरळ माझ्याकडं बघत होत्या.

"माझा येकच सवाल हाय, बाई. आमच्यात वाडा हलवायचा आसला, म्हंजी मेंढरं घिऊन दुसऱ्या रानात निघायचं आसलं, की शेवटच्या मानसानं मागं वळून हाक मारायची आसती. कोन ऱ्हायलं का रंऽ म्हनून. कोकरू ऱ्हातं, पोर झोपल्यालं ऱ्हातं. ओ आली तर थांबायचं, त्येला यिऊ द्यायचं. ओ न्हाई आली तरच पाठ फिरवायची. तुमी एवढं मोठं रान मोडाय लागलाय. हाक मारायची सोय का न्हाई केली?"

विश्वजीतनं माझ्याकडं बघितलं. आमच्या खेळात बोलायची सोयच नव्हती. फक्त लिहायची होती.

"त्यो मुंबैला निघाला तवा आमचा वाडा हालत हुता," बनुबाई म्हणाल्या. "त्यो यष्टीला गेला आन् हिकडं मेंढरं उधळली. म्या त्येंच्या मागं पळाले. त्या दिशी हाक मारायची ऱ्हायली. ती ऱ्हायलीच."

मी त्यांना ती सोय करायचा शब्द दिला. पोहे कुणी खाल्ले, आठवत नाही.

माधवनगरला आल्यावर मी आधी जोतिबाचं खातं काढून बघितलं. तो वारला त्यानंतर ते कुणीही उघडलेलं नव्हतं. खातं बंद असलं की पात्र पठारावर दिसूच शकत नाही, तो नियम मीच लिहिलेला. तरी खेळात शिरून तळ्याकाठी गेले, तर तो बसलेला होता. पाठ माझ्याकडं, घोंगडी डोक्यावरून. भोवती खेळातली मेंढरं इकडंतिकडं तोंड करून चरत होती. मी शेकोटीशी गेले. तो जरा सरकला.

"अगं, चूक आहे ती," विश्वजीत म्हणाला. "सापडेल." तो दोन दिवस शोधत राहिला. मग त्यानं तो विषय काढणं सोडलं.

मी आवाजाची सोय केली. बोलाल ते पठारभर ऐकू जाईल, एवढीच.

बंद करायचा दिवस आला. भर दुपार होती. खाली शेडमध्ये मागांचा खडखडाट चालू होता, फरशी नेहमीसारखी थरथरत होती. बनुबाईंचा कळप लांब गेला होता, त्यांना येता येईना. रानात इंटरनेट पोचत नव्हतं, पण टेकाडावर चढलं की फोन लागत होता. म्हणून त्या फोनवर होत्या आणि मी फोन संगणकाच्या माईकपाशी धरला होता.

जुने खेळाडू एकेक करून पठाराच्या खिंडीतून बाहेर पडले. शेवटी हंबीरराव गेले, घोड्यावरून, नदी टाळून. तळ्याकाठचा तो सोडला तर पठारावर कुणी उरलं नाही.

"मारा हाक, मावशी."

त्यांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"कोन ऱ्हायलं का रंऽऽऽ?"

तो आवाज साठीतल्या बाईचा वाटत नव्हता. माळरानावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायची सवय असलेला आवाज होता तो. संगणकाच्या पडद्यावर सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या. त्यांना मान वर करता येते हे मला माहीत नव्हतं. तशी हालचाल आम्ही बनवलेलीच नाही.

मग स्पीकरमधून, फार लांबून, बारीकशी ओ आली.

"ओऽ."

विश्वजीतचा हात बंद करायच्या कळीवर होता. तो त्यानं चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"बंद करू नगा," फोनमधून बनुबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या, हसतही होत्या. "यिऊ द्या त्येला. ओ आली की थांबायचं आसतं."

तळ्याकाठी शेकोटी जळत होती. शेजारी आता कुणी बसलेलं नव्हतं.

भाड्याचा सर्व्हर आम्हाला सोडावाच लागला. खोलीही सोडली. पण सगळं पठार मी माझ्या घरच्या जुन्या संगणकावर उतरवून घेतलं. माझं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं, मागांच्याच वस्तीत, वरच्या मजल्यावर. संगणकाला बाहेरची जोडणी ठेवली नाही, त्यामुळे त्या पठारावर कुणी जाऊ शकत नव्हतं की कुणी येऊ शकत नव्हतं. विश्वजीत म्हणाला, "अपेक्षा, तू त्या बाईला उगाच आशा लावतीयस." खरंही असेल. पण मला ती कळ दाबवेना. ज्या आईची एक हाक राहून गेली, तिला दुसरी तरी पुरी मारू द्यावी, एवढंच माझ्या मनात होतं.

दुपारी जेवणं झाली की बनुबाईंचा फोन यायचा. मी तो माईकशी धरायची. त्या हाक मारायच्या, ओ यायची.

सुरुवातीला ती तळ्याच्याही पलीकडून यायची. काही दिवसांनी नदीच्या अलीकडून. मग खिंडीतून, जरा घुमून. मी कान देऊन ऐकायची, पण पडद्यावर कुणी दिसायचं नाही. दिसायची ती मेंढरं. आधी ती खिंडीकडं तोंड करून असायची. नंतर एक दिवस बघितलं, तर सगळी पडद्याबाहेर बघत उभी होती. माझ्याकडं नाही. माझ्या जरा मागं, दाराकडं.

त्या दिवसापासून मी संगणकावर फडकं टाकून ठेवायला लागले.

बनुबाई मात्र खुशीत होत्या. "जवळ आला गं, बाई. दम लागल्याला कळतोय त्येचा. लहानपनी बी आसाच, धावत यायचा आन् धापा टाकत ओ द्यायचा."

परवा दुपारी वीज गेली.

सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. इथं जन्मलेल्या माणसाला ती शांतता सोसत नाही, कानात दडे बसतात. संगणक बंद झाला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी, आज राहू द्या," मी म्हणाले. "वीज नाही. मशीन बंद आहे."

वाऱ्यात त्यांना ते ऐकू गेलं नसावं. फोनमधून हाक आली, आणि खोलीभर झाली.

"कोन ऱ्हायलं का रंऽऽऽ?"

मी संगणकाकडं बघितलं. फडकं होतं तसं होतं.

ओ जिन्यातून आली.

मोठी नव्हती. धाप लागलेल्या माणसानं शेवटच्या पायरीवर द्यावी तशी.

दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत ओल्या लोकरीचा वास आला, राखेचा आला.

"आला व्हय?" फोनमध्ये बनुबाई कुजबुजल्या. त्यांनाही ऐकू गेलं होतं. "बाई, पोचला का त्यो? हितं तर कोन दिसंना. सगळा माळ मोकळा हाय."

"मावशी," मी म्हणाले, "तो इथं आलाय. माझ्या घरी."

फोनमधून वारा ऐकू आला. लांब कुठंतरी मेंढरू ओरडलं.

"व्हय की," त्या अखेर म्हणाल्या. आवाज पार बसला होता. "माझी हाक तिथं निघत हुती न्हवं? जिथनं हाक ऐकू यील, तिथंच त्यो येनार. म्या हितनं, माझ्या रानातनं, येकदा बी न्हाई मारली. पुन्यांदा चुकले गं मी. पुन्यांदा चुकले."

मला रडू आलं. "आता मारा," एवढंच म्हणाले. "तिथून मारा."

"न्हाई गं. येकदा ओ दिऊन आल्याल्या मानसाला परत हाक मारत न्हाईत."

मग त्यांनी नाक ओढलं. त्यांचा आवाज घरातल्या बाईसारखा झाला, पाहुणा दारात उभा असल्यासारखा.

"लय लांबनं आलाय त्यो. आदी पानी द्या."

फोन कट झाला. माझ्याच्यानं जागचं हलवत नव्हतं. वीज आली, गल्लीतले माग एकामागून एक सुरू झाले, फरशी थरथरायला लागली, तेव्हा कुठं मी उठून स्वयंपाकघरात गेले.

माठावर मी फुलपात्र कायम पालथं घालते. ते उताणं होतं, आणि काठाला ओलं.

आज सकाळी मी त्याच्याशेजारी माझ्यासाठी दुसरं ठेवलं.