खाटेवरचं पिवळं

खडवलीला प्रणितच्या काकांच्या वाडीत, पडलेल्या फणसाच्या ओंडक्यावर पिवळंजर्द काहीतरी उगवलं होतं. फोटो बघताच समिधाने ओळखलं, स्लाइम मोल्ड. दोघं कल्याणच्या एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. श्रावणातल्या एका ढगाळ दुपारी ती त्याच्याबरोबर नमुना घ्यायला गेली.

ओंडक्याला भिजलेल्या गोणपाटासारखा वास येत होता. तिने भिंग लावलं. शिरांच्या जाळ्यातून पिवळा रस पुढे जायचा, थबकायचा, पुन्हा मागे फिरायचा.

"दिसतं बुरशीसारखं, पण चालतं हे," ती म्हणाली. "ओल आणि खाणं असेल तिकडेच सरकतं."

हे मात्र ओल सोडून कोरड्या ओट्यावर चढलं होतं आणि घरामागच्या बंद खोलीच्या दाराखालून आत गेलं होतं.

"तिकरं जाव नका, बाय," मागून दामाजीकाका म्हणाले.

"आत काय आहे, काका?"

"अडगल."

"आणि काकी कुठेय?" प्रणितने विचारलं.

"बहिनीकरं गेलीय, दिव्याला." पुतण्याकडे न बघताच ते गोठ्याकडे वळले.

"काकी घर सोडून कधी राहत नाही गं," प्रणित हळूच म्हणाला.

समिधाच्या मनात नको ते आलं. गोठ्यातून काका दोघांवर नजर ठेवून आहेत, असंही तिला वाटत राहिलं.

तेवढ्यात आतून कोणीतरी खोकलं. बाईचा खोकला... दमलेला.

प्रणितने कडी काढली.

आत कोणी नव्हतं. खिडकी बंद, अडगळ कसलीच नाही, फक्त एक खाट. खाटेवरच्या गोधडीवर ते पिवळं जाळं पसरलं होतं. एखादी बाई कुशीवर निजल्यासारखं, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात गालाखाली. समिधाने काडीने गोधडी उचलून पाहिली. खाली काहीच नव्हतं.

प्रणितने आवडाकाकीला फोन लावला. तिने लगेच उचलला. मागे टीव्ही चालू होता, तिची बहीण हसत होती. समिधाला स्वतःच्या संशयाची लाज वाटली.

"काकी, बरी आहेस ना तू?"

"मना काय झालंय?" काकी हसली. मग एकाएकी तिचा आवाज खाली आला. "हलू बोल रे... आताच निजलीय ती."

प्रणितने फोन कानावरून खाली घेतला. आपण कुठे उभे आहोत, हे त्याने अजून सांगितलंच नव्हतं.