शिंप्याचं बटण

"हलू नका!" मी ओरडले.

"बरं," चित्राच्या पलीकडून आवाज आला. "किती वेळ?"

"वाळेपर्यंत."

असं का म्हणाले, देव जाणे. घाबरले की माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं. चूक तर सरळसरळ माझी होती. वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून ओलं चित्र मी खाली अंगणात नेत होते. दोन्ही हात फाकून फळी धरलेली, आणि ओली बाजू बाहेर. आत धरली असती तर माझे कपडे खराब झाले असते ना! जिन्याच्या वळणावर समोरचं काही दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात खालून वर येणाऱ्या कुणीतरी माझं चित्र थेट छातीवर घेतलं.

मी हळूच फळीच्या कडेवरून डोकावले. गळ्यात मापाची टेप, कानामागे खडू आणि चेहऱ्यावर हसू दाबायचा प्रयत्न. तळमजल्यावरचा शिंपी. त्याचं खरं नाव काय ते कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळी इमारत त्याला 'उद्या' म्हणायची. कुणीही विचारावं, "माझं झालं का?" आणि त्याने मान वर न करता सांगावं, "उद्या."

"तुमच्या आत्यांच्या जाकिटाचं माप घ्यायला निघालो होतो," तो म्हणाला. "आता इथेच राहू का?"

मी फळी ओढली. चर्रर्र आवाज झाला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी ढग उमटला, आणि माझ्या चित्रात, जाड गोंदात रुतून, दोऱ्याच्या टोकासकट राहिलं त्याचं बटण. शिंपल्याचं, चार भोकांचं. भोवती त्याच्या शर्टाच्या विणीचा ठसा.

"माझं बटण..."

"थांबा," मी म्हणाले. कारण मी चित्राकडे बघत होते.

माझी चित्रं कशाची असतात हे सांगणं अवघड आहे. झाड नसतं, माणूस नसतं. कापडाची जाळी, जुने कागद, वाळू, प्लास्टर, चहाचं पाणी... एकावर एक थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. हे चित्र कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हतं. नुसतं तपकिरी, घुम्मं. आणि आता त्या बटणापाशी नजर येऊन टेकत होती.

"ते आता चित्राचं आहे," मी म्हणाले.

"आणि मी काय करू?"

"शिंपी आहात ना? दुसरं लावा!"

"हो, लावीन की," तो वळत म्हणाला. "उद्या."

त्याने ते लावलं नाही. शर्टावरचा ढग धुऊन फिका झाला, पण बटणाच्या जागी सेफ्टी पिन तशीच. दुपारी तो वर यायचा, हातात कातरणांची पिशवी. पडद्यांचे तुकडे, अस्तराच्या पट्ट्या, एकदा तर कुणाच्या तरी कोटाची अख्खी कॉलर. माझ्या चित्रांना उपयोगी पडेल, म्हणायचा. मग चित्रासमोर उभा राहून बटण जागेवर आहे ना ते बघायचा.

"झालं का?" जाताना हमखास विचारायचा.

"तुम्ही विचारताय? तुम्ही?"

"म्हणून तर विचारतो. दुसऱ्याला विचारायला किती बरं वाटतं!"

मला हसू यायचं आणि रागही यायचा. कारण 'झालं' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. चित्र संपत आलं की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. हातांना स्वस्थता म्हणून नाही. खोलीत येरझाऱ्या घालते, खिडकी उघडते, लावते, ब्रश धुते, धुतलेला पुन्हा धुते... आणि मग चांगल्या भल्या चित्रावर एक थर आणखी. सकाळी बघावं तर सगळं बुडालेलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. संपलेल्या चित्राला मी नको असते. ते निघून जातं, आणि मी रिकाम्या हातांनी उभी.

"तुम्हाला कसं कळतं हो, झालं ते?" मी एकदा त्याला विचारलं.

त्याने खूप विचार केल्यासारखं केलं. "गिऱ्हाईक दारात येऊन ओरडायला लागलं, की समजायचं."

मी कातरणांची मूठ त्याला फेकून मारली. ती उचलून त्याने नीट घडी घातली, माझ्या टेबलावर ठेवली आणि निघाला. जाताना दारातून एकदा वळून बघितलं. त्या दिवशी मी रंगात ब्रश बुडवायच्या ऐवजी चहात बुडवला.

आत्याच्या नजरेतून काही सुटत नाही. तिच्याच घराची वरची खोली मी वापरते, त्यामुळे बोलायचा हक्कही तिचाच. "काय गं," ती म्हणाली, "शिंप्याच्या दुकानात बटणांचा दुष्काळ पडलाय का?"

"विसरत असेल."

"हो ना. अगदी डोळ्यांत तेल घालून विसरतोय." मग जरा थांबून, "आणि माझं जाकीट? थंडी संपत आली. वर यायला वेळ आहे, बाह्या जोडायला नाही!"

मी हसले खरी, पण मला आतून काहीतरी टोचायला लागलं. त्या पिनेसारखं. या चित्रावर मी रोज थर चढवत होते, पण बटणाच्या कडेकडेने. बाकी सगळं बुडालं तरी चालेल, ते तेवढं उघडं हवं. का, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

ते दुसऱ्याच कुणीतरी विचारलं.

कलादालनाच्या बाई आल्या होत्या, प्रदर्शनासाठी चित्र निवडायला. त्यांच्या दालनात जागा मिळावी म्हणून मी किती वर्षं दारं ठोठावत होते! भिंतीला टेकवलेली चित्रं त्या भराभर बघत गेल्या, आणि बटणापाशी थांबल्या. एक बोट हलकेच त्यावर ठेवलं.

"हे द्या मला. मंगळवारी सकाळी गाडी पाठवते." मग हसून, "हे बटण कुणाचं?"

साधा प्रश्न. पण माझे कान तापले. "कुणाचं नाही," मी घाईघाईने म्हणाले. "असंच... सापडलेलं."

दारात कातरणांची पिशवी घेऊन तो उभा होता. कधीपासून, माहीत नाही. त्याने पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली, बाईंना नमस्कार केला आणि खाली गेला. 'झालं का' विचारलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते वेडेपणाचं होतं. लोकांनी बघायच्या भिंतीवर ते बटण लागणार, प्रत्येक जण बोट ठेवून विचारणार, आणि मी दरवेळी कानापर्यंत लाल होणार... मला सहन होईना. प्लास्टर कालवलं आणि बटणावर थापलं. वरून जाळी, जाळीवर पुन्हा प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी आत्याचं माप पुन्हा तपासायला म्हणून तो वर आला. जाताना माझ्या दारात थांबला. चित्राकडे बघितलं. जिथे बटण होतं तिथे गुळगुळीत पांढरी गाठ.

"झालं वाटतं," तो हळूच म्हणाला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी ब्रश धूत राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मला जिन्यात दिसला. तोच शर्ट, आणि पिनेच्या जागी बटण. काळं, भक्कम, पक्क्या दोऱ्याने शिवलेलं. "नमस्कार," म्हणाला आणि मला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभा राहिला. जशी कुठल्याही गिऱ्हाइकाला देतो तशी.

झालं! मी मनात म्हणाले. हे 'झालं' वेगळं असतं. दूध उतू गेल्यावर म्हणतात ते.

ज्याच्या दुकानात डबे भरभरून बटणं, त्याने इतके दिवस एक बटण लावलं नव्हतं. त्याने मला केव्हाच सांगून टाकलं होतं, रोज, छातीवर पिन लावून. आणि मी? कुणाचं नाही म्हणाले. तो मला हवा होता. चित्रापेक्षा, दालनापेक्षा हवा होता, आणि हे मला एका काळ्या बटणाने सांगावं!

मंगळवारी सकाळी, गाडी यायच्या आधी, मी रंगाची सुरी घेऊन चित्रासमोर बसले. प्लास्टर दगडासारखं वाळलेलं. टोकरलं, खरवडलं, शेवटी जाळीचं टोक सापडलं ते जोरात ओढलं. जाळी, प्लास्टर, खालचा तपकिरी थर, सगळं एकदम सुटून आलं आणि बटण टणकन जमिनीवर पडलं.

चित्रात राहिला एक खड्डा. गोल, कडा फाटलेल्या, तळाशी शर्टाची वीण आणि दोऱ्याचा एक तंतू. कुणीतरी इथे होतं, हे लांबूनही कळावं असा.

माझा हात सवयीने ब्रशकडे गेला. भरून काढू? कडा तरी नीट करू? हात तिथेच थांबला. बोटं शिवशिवत होती, पण त्या खड्ड्यात घालण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. ज्याचं होतं तो खाली बसला होता.

दारावर थाप पडली. गाडीबरोबरचा माणूस. "झालं का हो ताई? नेऊ?"

"झालं," मी म्हणाले. "न्या."

आणि त्याच्याही आधी जिना उतरले.

तो मशीनवर वाकलेला होता. टेबलावर आत्याचं जाकीट, बाह्यांविना. उघड्या दारातून माझं चित्र गाडीकडे जाताना त्याने पाहिलं, आणि मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"बटण काढलंत?"

मी मूठ उघडली. हात प्लास्टरने पांढरे, घामाने ओले.

"त्या बाईंनी विचारलं, कुणाचं... तेव्हा मी खोटं बोलले."

"ऐकलं मी."

"तुझं आहे," मी म्हणाले. पहिल्यांदाच तू म्हणाले, तेही भर दुकानात. "आणि मला ते कुणाचं नाही असं पुन्हा कधी म्हणायचं नाहीये."

त्याने टेबलावरची कात्री उचलली, छातीपाशी नेली. कच्च! काळं बटण जमिनीवर पडलं आणि गडगडत मशीनखाली गेलं.

"लावून दे मग," तो म्हणाला.

"मला शिवता येत नाही. वर गोंद आहे..."

"गोंद नको. एकदा बघितलाय तुझा गोंद." त्याने सुई ओवून माझ्यापुढे धरली. "शिकवतो."

"कधी? उद्या?"

"आज. आत्ता."

शर्ट त्याच्या अंगावरच होता. मी जवळ सरकले, इतकी की कानामागच्या खडूचा वास यावा. पहिलाच टाका चुकला आणि त्याला टोचला.

"स्स..."

"हलू नकोस!"

"किती वेळ?"

उत्तर द्यायची गरजच नव्हती, कारण त्याने बटण धरण्याच्या निमित्ताने माझी बोटंच धरली होती.

तेवढ्यात दारात आत्या. "काय हो, माझं झालं का?"

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच 'उद्या' म्हणाला नाही.

"झालं," तो म्हणाला.

आत्याने टेबलावरच्या बिनबाह्यांच्या जाकिटाकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या सुईकडे, त्याच्या छातीवर लोंबणाऱ्या बटणाकडे.

"दिसतंय," ती म्हणाली आणि दार ओढून घेऊन निघून गेली.