कागदाचा मोगरा

बसम्मा आली तेव्हा रडत नव्हती. गहिनीनाथांच्या ओसरीवर बसून तिनं एका दमात सांगितलं, "माझी धाकली सून विष घालून मारली. थोरलीनं मारली. अमीन म्हनतो, पुरावा न्हाई. तुमी द्या."

गहिनीनाथ पूर्वी निजामाच्या पोलिसात अमीन, म्हणजे फौजदार होते. नोकरी सोडून केजला परतल्यावर ते खासगी तपास करत. सोबतीला तात्याबा, त्यांच्या हाताखालचा जुना जवान, अंगानं दांडगा आणि डोक्यानं सावकाश.

"ज्यानं मारलं त्याचा पुरावा देईन," गहिनीनाथ म्हणाले. "तो कोण, हे आधीच ठरवून चालणार नाही."

"थोरलीच हाय," बसम्मा म्हणाली.

बाकीची हकिकत तिनं वाटेत सांगितली. तिचा एकुलता मुलगा मन्मथप्पा, पेठेत कागदाचं दुकान. थोरली सून नीलम्मा, तिला बारा वर्षांत मूल नाही. नवस झाले, उपास झाले. शेवटी मन्मथप्पा हैदराबादेला एका हकिमाकडं जाऊन आला. दोष बाईतच आहे असं हकिमानं सांगितलं, म्हणाला. तरी दुसरं लग्न करायला तो तयार होईना. बसम्मानं अन्न सोडलं तेव्हा कुठं शिवकन्या घरात आली. वर्षाच्या आत तिला दिवस गेले. मग रक्त दिसू लागलं म्हणून सुइणीनं तिला खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं. पोर पडून पडून रडायला लागली. तिचा जीव रमावा म्हणून नीलम्मानं तिला कागदाची फुलं शिकवली.

पुढं उलट्या सुरू झाल्या, तोंड आलं, हातापायांची आग होऊ लागली. सगळे म्हणाले, पोटुशीला व्हायचंच. वैद्यानं नखांवरचे पांढरे पट्टे पाहिले आणि सोमलाचं विष ओळखलं, पण तोवर उशीर झाला होता. पोटातल्या जिवासकट ती गेली.

घरात पहिल्यांदा भेटली ती मोलकरीण बायनाबाई. तिनं सांगितलं की शिवकन्या सासूच्या ताटातच जेवायची आणि पाणी एकाच घागरीतलं असायचं.

"म्हणजे विष अन्नात नव्हतं," गहिनीनाथ म्हणाले. "फुलांचं सामान कोण द्यायचं?"

"कागद दुकानातून यायचा. पट्ट्या थोरल्या बाई कापायच्या. पोटुशीनं कात्री धरू न्हाई म्हनून."

"ऐकलंत?" तात्याबा पुटपुटला. "थोरलीच."

बायनाबाईनं फुलं कशी करतात तेही दाखवलं. पतंगी कागदाची बारीक पट्टी घ्यायची, तिचं टोक ओलं करून सुईवर चिकटवायचं, गुंडाळायचं आणि खळीनं पाकळ्या जोडायच्या. आधी उशाशी पाण्याची वाटी असायची. मालकांनी ती काढायला लावली, गादी भिजते म्हणून. मग शिवकन्या टोक जिभेवर धरायची.

"दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मालक काय म्हणाले?"

"आईसाहेबांनी पेठभर साखर वाटली. मालक दुकानातून उठले न्हाईत."

नीलम्माला बसम्मानं धान्याच्या खोलीत कोंडलं होतं. तिच्या हातांवर लाकडाच्या माराचे वळ होते. सोलापूरला लहानपणी एका मिशनच्या बाईनं तिला ही फुलं शिकवली होती, असं ती म्हणाली. शिवकन्येचा राग यायचा का, असं विचारल्यावर ती सरळ बोलली.

"आला की. लई आला. पन ती मला अक्का म्हनायची. या घरात दुसरं कोनी मला कायच म्हनत न्हाई, वांझ सोडून."

मन्मथप्पा दुकानात होता. पोलादी पट्टी दाबून धरून तो सुरीच्या एका ओढीत कागद कापत होता. धाकटी बायको चांगली होती, फार सोसलं तिनं, असं तो म्हणाला. पोराबद्दल चकार शब्द काढला नाही.

शेवटी गहिनीनाथांनी फुलांची पेटी मागवली. तांबड्या, पिवळ्या फुलांची खळ झुरळांनी खाल्ली होती, पाकळ्या उलगडून पडल्या होत्या. पांढरा मोगरा मात्र जसाच्या तसा होता. त्याच्याखाली झुरळं मरून पडली होती. शेजारी गुंडाळायच्या राहिलेल्या पट्ट्या होत्या. गहिनीनाथांनी त्या उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अमिनाला बोलावलं आणि घरच्या चौघांना सोप्यावर बसवलं. प्रत्येकासमोर एक सुई आणि एक पांढरी पट्टी ठेवली. पेटीत सापडलेल्या याच, असं सांगून एकेक फूल करायला लावलं.

बसम्मानं कुरकुरत टोक जिभेला लावलं. बायनाबाईनंही लावलं. नीलम्मानं लावलं आणि तिची बोटं सवयीनं फिरू लागली. मन्मथप्पानं कपाळावरच्या घामात बोट बुडवलं आणि त्या बोटानं पट्टी ओली केली.

"जिभेनं करा," गहिनीनाथ म्हणाले.

तो हलला नाही.

"पट्ट्या साध्या आहेत. मीच काल कापल्या. पण पांढऱ्यात विष आहे हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला ते कसं ठाऊक?"

तात्याबानं दार अडवलं, पण अजून त्याच्या ध्यानात येत नव्हतं. "पट्ट्या तर थोरली कापायची ना?"

"रंगीत तिनं कापल्या. कात्रीच्या कडेला जागोजाग पायऱ्या पडतात. विषारी पट्ट्यांची कड सुरीनं एका ओढीत कापलेली आहे, दुकानात कापतात तशी. सोमल लावून यानं त्या तिच्या पट्ट्यांत मिसळल्या. आधी पाण्याची वाटी काढायला लावली, कारण पट्टी तोंडात जायला हवी होती. आणि शिकवणारी सवत असल्यामुळं संशय कुणावर जाणार हे ठरलेलंच होतं."

"सोताच्या पोराला कोन मारील?" बसम्मा म्हणाली.

"माझं नव्हतं ते," मन्मथप्पा बोलला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "कुनाचं होतं ते मी इचारलंबी न्हाई."

"तुझं नव्हतं हे तुला कशावरून कळलं?" गहिनीनाथांनी विचारलं.

मन्मथप्पानं समोरची पट्टी मुठीत चुरगळली.

"हैदराबादेच्या हकिमानं दोष बाईत नव्हे, तुझ्यात सांगितला होता. म्हणूनच दुसरं लग्न तू टाळत होतास. पोर झालं असतं तर तुला रोज डोळ्यांसमोर दिसलं असतं. आणि नीलम्मा फासावर गेली असती, की ही गोष्ट कायमची मिटली असती."

नीलम्माच्या हातातली सुई थांबली. वर न बघता तिनं विचारलं, "हकिमाकडं गेलता त्याला पाच वर्सं झाली. पाच वर्सं तुमाला ठावं होतं?"

मन्मथप्पानं दोन्ही हात अमिनापुढं धरले.

अमिनानं त्याचे हात बांधायला घेतले तशी बसम्मा उठली. ती मुलाकडं गेली नाही. नीलम्मापुढं बसून तिनं वळ उठलेले तिचे दोन्ही हात धरले.

"तू कबूल कर, माय. म्हन मीच केलं. तुझ्यामागं रडायला कोन हाय? माझा येकच हाय."

अमीन जागच्या जागी थबकला. तात्याबानं तोंड फिरवलं. नीलम्मानं सासूची बोटं एकेक करून सोडवली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आता तुमच्यामागं बी कोनी न्हाई."

पदर सारखा करून ती उठली आणि सोलापूरची वाट कुठल्या वेशीतून लागते, एवढंच तिनं तात्याबाला विचारलं.