दात मातीला लावू नका

जड मशीन विकत घेणं सोपं, चालवणं त्याहून सोपं. पण दोन कामांच्या मधल्या दिवसांत ते उभं कुठं करायचं, एवढं विचारा म्हणजे भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. बैल असता तर गोठ्यात बांधला असता. बावीस टनांचं पोकलेन काय उशाशी घेऊन निजायचं?

ताईला सगळे ताईच म्हणत; तिच्याहून वयानं मोठे ठेकेदारसुद्धा. बाप गेल्यावर खोदाईचा धंदा तिनं एकटीनं उभा ठेवला होता. एक पोकलेन आणि ते चालवणारा धाकटा भाऊ, एवढीच तिची दौलत. हातातलं काम संपलं होतं आणि पुढचं चाळीस दिवसांनी सुरू व्हायचं होतं. तोवर मशीनला काही झालं तर ते काम गेलं, आणि काम गेलं की धंदा गेला. हे तिला झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

आधी तिनं पेट्रोल पंपामागं मशीन ठेवून पाहिलं. आठवड्यात टाकी कोरडी. मग एका गोदामाच्या आवारात ठेवलं. तिथं केबिनची काच फुटली, बॅटऱ्या गेल्या, आणि जाताजाता चोर सीटवर घाण करून गेला. तिथला राखणदार शपथेवर म्हणाला, मी रात्रभर जागाच होतो. ताई म्हणाली, "मग तूच बसला होतास वाटतं!"

अशात ट्रेलरवाल्यानं तिला गावाबाहेरचं एक यार्ड सांगितलं. वीस वर्षांत तिथून एक बोल्ट हललेला नाही म्हणाला. हे सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, पण गरजवंताला कुठं एवढं दिसतं?

भर दुपारी ताई आणि धाकटा मशीन आणि मागून जीप घेऊन पोचले. दोन पुरुष उंचीची भिंत, लोखंडी फाटक, आणि फाटकाला कुलूप नाही. आत दहाबारा मशीन ओळीनं उभी होती, आणि झाडून सगळी लाकडी ओंडक्यांवर. चाकांच्या जागच्या चेनखाली ओंडके, पुढच्या खोदायच्या बकेटखाली ओंडके. लोखंड म्हणून मातीला कुठं टेकलेलं नव्हतं. माती लालसर काळी, गुळगुळीत, कुणी तळव्यानं थापून ठेवल्यासारखी. गवताची काडी नाही, मुंगी नाही. ऊन मी म्हणत होतं, आणि त्या उन्हात एक ओला, गार वास येत होता. तोंडात खिळा धरला की जिभेला लागतो ना, तसला.

"कुलूप कुठाय?" ताईनं विचारलं.

यार्डाचा राखणदार म्हातारा होता. खुर्चीचे चारही पाय त्यानं फळीवर ठेवले होते. "लागत नाही," तो म्हणाला.

"चोर येत नाहीत?"

"येतात की." म्हाताऱ्यानं कान खाजवला. "जात नाहीत."

धाकटा खो खो हसला. "आजोबा, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं!"

म्हातारा हसला नाही. "एकच सांगणं आहे पोरा. बकेटचे दात मातीला लावू नको. ओंडक्यावर टेकव."

"का?"

"ओंडके माझ्या आधीपासून आहेत. मी कधी विचारलं नाही... तूही विचारू नको."

आता इथं एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर त्या पोराला तुम्ही उगाच मूर्ख ठरवाल. ताईचा बाप मेला तो अधांतरी ठेवलेल्या बकेटखाली. इंजिन बंद होतं, तरी पाइपातलं तेल हळूहळू उतरलं आणि खाली बसून डबा खाणाऱ्या माणसावर बकेट आली. त्या दिवसापासून या घरात एकच कायदा होता. बकेट जमिनीत दाबून दात रुतवायचे, मगच ऑपरेटरनं खाली उतरायचं. धाकट्यानं हा कायदा जेवणाआधी हात धुवावेत तसा पाळला होता.

त्यानं मशीन ओंडक्यांवर चढवलं आणि बकेट पुढच्या ओंडक्यावर ठेवून पाहिली. ओंडका गोल होता, तो डुगडुगला आणि बकेट हातभर घसरली. धाकट्याच्या कपाळावर आठी चढली. त्यानं बकेट उचलली, ओंडका बाजूला ढकलला, आणि पाचही दात मातीत सरळ रुतवले. लोण्यात सुरी जावी तसे गेले.

म्हातारा खुर्चीवरून उठला... आणि परत बसला. त्यानं पाय वर घेतले.

ताईनं किल्ली काढून मुठीत धरली. दोघांनी मिळून बॅटऱ्या जीपमध्ये टाकल्या. मग धाकटा ताडपत्री बांधायला बकेटपाशी गेला.

"ताई, इथली जमीन गरम आहे गं," तो म्हणाला.

"उन्हाची असेल."

"नाही... हलते पण आहे."

आणि बकेट खाली गेली. पडली नाही. ओढली गेली. वरचा लोखंडी हात ताणला गेला, पिस्टन किंचाळले, एक पाइप फाटून काळं तेल ताईच्या तोंडावर उडालं. धाकट्याच्या पायाखालची माती वाडग्यासारखी खचली आणि तो मांडीपर्यंत आत घसरला. बकेटची कड त्याच्या नडगीवर आली. हाड मोडल्याचा आवाज ताईनं ऐकला. वाळलेलं लाकूड मोडतं तसा नाही. ओलं, चिवट, दोन वेळा.

"बंद कर! ताई, बंद कर!"

"बंदच आहे रे ते!" तिनं किल्लीची मूठ वर केली. "बंदच आहे!"

बकेट उघडली आणि परत मिटली. सावकाश, चव घेत असल्यासारखी. पोराच्या तोंडून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. त्याचं रक्त मातीवर पडत होतं आणि थेंब दिसायच्या आत नाहीसं होत होतं. ओळीतली बाकीची मशीन आपापल्या ओंडक्यांवर थरथरत होती, वेसण ताणणाऱ्या जनावरांसारखी.

ताईनं म्हाताऱ्याची गचांडी धरली. "बोल! सोडवायचं कसं? बोल, नाहीतर तुलाच टाकते आत!"

"दात... दात काढून मातीला दे. दात घेऊन बाकीचं सोडते... कधीकधी."

"कधीकधी?"

म्हातारा रडायला लागला.

बकेटचा प्रत्येक दात एका पिनेवर अडकवलेला असतो. पिन ठोकून काढली की दात सुटतो. हे काम ताईनं बापाच्या हाताखाली शंभरदा केलं होतं, पण जिवंत बकेटवर कुणी केलंय? अवजारांच्या पेटीतून तिनं घण आणि पोलादी कांब घेतली आणि खड्ड्यात उडी मारली. पहिली पिन दोन घावांत निघाली. दात मातीनं गिळला. होय, गिळला, जमिनीच्या पोटात घोट उतरल्याचा आवाज झाला. दुसरी निघाली. तिसरी गंजलेली होती. तेवढ्यात बकेट पुन्हा मिटली आणि धाकटा कमरेपर्यंत आत गेला.

"ताई, पाय तोड. कुऱ्हाड आण... पाय तोड, पण सोडव."

"गप! तोडलेला पाय उगवतो होय रे?" ती ओरडली आणि घण असा हाणला की पिनेबरोबर लोखंडाची कपचीच उडाली. मग चौथीही निघाली. तिच्या घोट्याभोवती माती घट्ट झाली, बोटं आवळावीत तशी. तिनं मातीला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, ज्या बाईनं तोंडात आणू नयेत म्हणतात त्या सगळ्या, आणि पाचवी पिन ठोकली.

मग काहीच नाही. बोडकी बकेट सुटून वर उसळली आणि माती सैल पडली. ताईनं भावाला काखेत हात घालून ओढलं. डावा पाय गुडघ्याखाली नुसता चिंधीसारखा लोंबत होता. फाटकातून बाहेर पडताना तिनं मागं बघितलं नाही. मशीन? मशीन गेलं खड्ड्यात.

इस्पितळातला हाडांचा डॉक्टर तरुण आणि कोरडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ताईला आत बोलावलं. भिंतीवरच्या उजेडाच्या चौकटीत एक्स-रे लावलेला होता.

"हाड पोकळ असतं, बाई. आत मज्जा असते. इथं..." त्यानं बोट फिरवलं, "इथं माती आहे. ठासून भरलेली."

"खड्ड्यात गेली असेल. जखम उघडी होती."

"मलाही तसंच वाटलं." त्यानं दुसरी फिल्म लावली. "आमच्या एक्स-रे काढणाऱ्या पोरीनं काल चुकून उजव्या पायाचाही काढला."

उजव्या पायाला काही झालेलं नव्हतं. कातडीवर साधा ओरखडा नव्हता. आणि हाड टाचेपासून खुब्यापर्यंत भरलेलं होतं.

पलीकडच्या खोलीत धाकटा झोपेत कण्हत होता.

"तो वाचेल का?" ताईनं विचारलं.

डॉक्टरनं चौकटीतल्या खुब्यावर बोट टेकवलं.

ताईनं बाही वर सारली आणि उजवा हात टेबलावर ठेवला. निरोगी हात, कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

"याचा काढा," ती म्हणाली.

अर्ध्या तासानं डॉक्टरनं ती फिल्म चौकटीत लावली. क्षणभर पाहिली. मग त्यानं मागचा दिवा मालवला.