नेनेकचा उजवा हात

"डावा हात!" हैकल कुजबुजला. त्याचं कुजबुजणं असं की बोटीच्या जेवणघरात पलीकडच्या टेबलावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. "वार्दिना, नेनेकनं मला बिस्कीट डाव्या हातानं दिलं! शपथ!"

"झोपेत असशील."

"जागा होतो! खाल्लंसुद्धा!"

वार्दिनाचा पावाचा घास तोंडातच राहिला. नेनेक म्हणजे त्यांची आजी. डाव्या हातानं कुणाला काही देणं हे तिच्या लेखी महापाप. चार वर्षांची असताना वार्दिनानं शेजारणीला डाव्या हातानं केळं दिलं होतं. नेनेकनं ते परत मागून घेतलं, उजव्या हातात ठेवलं आणि "हं, आता दे!" म्हणून पुन्हा द्यायला लावलं. ती नेनेक डाव्या हातानं बिस्कीट देते? छे!

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा खिशात फोन नसायचे, कॅमेऱ्याच्या एका रोलात छत्तीसच फोटो निघायचे, आणि डिसेंबरच्या सुट्टीत बोटीवर जायचं तर आधी आठ दिवस अख्ख्या गल्लीचा निरोप घेत फिरायचं. वार्दिना तेव्हा बारा वर्षांची होती. आज तिच्या केसांत चांदी डोकावतेय, पण त्या बोटीचा वास तिला अजून जसाच्या तसा आठवतो. ताजा रंग, खारा वारा आणि स्वयंपाकघरातला तळलेला कांदा! काय दिवस होते ते!

बोट मलेशियातल्या पोर्ट क्लांगहून सुटली होती. वार्दिना, तिचा दहा वर्षांचा भाऊ हैकल, मामेभाऊ इझवान आणि इझवानचे बाबा, म्हणजे पोरांचे थोरले मामा, पाक लाँग. पण खरी सहल होती नेनेकची. तिची थोरली बहीण सोम लग्न करून थायलंडात, फुकेत बेटावरच्या कोळीवाड्यात गेली, त्याला अडतीस वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघींची भेट नाही. वर्षाला दोन पत्रं यायची, बस्स. ही बोट फुकेतला चार तास थांबणार, असं पाक लाँगनी सांगितलं आणि त्या दिवसापासून नेनेकच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "धक्क्यावर पहाटेपासून उभी राहीन," असं पोरांच्या या थोरल्या आजीनं, नेक सोमनं, पत्रात लिहिलं होतं. फुकेत उद्या सकाळी येणार होतं.

"अजून एक," हैकल म्हणाला. "कालपासून नेनेक भाताला शिवली नाहीये. पेज मागवते आणि कपानं पिते."

"दात दुखत असेल."

"दात दुखतो म्हणून कुणी उजवा हात शालीत लपवतं का? विचार कर, बाईसाहेब!"

आता मात्र वार्दिना उठली. इझवान तेरा वर्षांचा, गुप्तहेरगिरीचा भारी शौकीन. त्याला डेकवरच्या जीवरक्षक होड्यांमागे बोलावून त्यांनी सगळं सांगितलं.

"परीक्षा घेऊ या," इझवान म्हणाला आणि खिशातून संत्रं काढलं.

नेनेक लांब आरामखुर्चीत समुद्राकडे बघत बसली होती. "नेनेक, झेल!" म्हणत इझवाननं संत्रं फेकलं. डावा हात झटकन पुढे आला. संत्रं झेललं गेलं, पण शालीतल्या उजव्या हाताला हिसका बसला आणि नेनेकचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभरच! लगेच हसून ती म्हणाली, "म्हातारीला अजून झेलता येतं, पाहिलंत?"

तिघंही हसली नाहीत. वार्दिनाला स्वतःचीच लाज वाटली. "पुन्हा असल्या परीक्षा नकोत," ती इझवानला म्हणाली. "तिला खूप दुखतंय."

"मग सांगत का नाही?"

उत्तर दुपारी मिळालं, तेही टॉवेलखाली! इझवान पोहून आला आणि अंगावर टॉवेल पांघरून खुर्चीत आडवा झाला. तो झोपलाय असं समजून शेजारीच पाक लाँग आणि बाजूच्या केबिनमधले पाक दाऊद बोलत उभे राहिले. पाक दाऊद इपोह शहरात बस चालवायचे आणि फावल्या वेळात मुरगळलेले हातपाय चोळून द्यायचे.

"चार वाजता, आईच्या केबिनमध्ये," पाक लाँग हळूच म्हणाले. "पोरांना कळू द्यायचं नाही हं. जायफळाचं तेल आहे ना?"

"आहे की. नुसती शीरच सरकलीय ना?"

"नुसती शीर! रेलिंगपाशी पाय घसरला, हातावर पडली. जरा ओढून, चोळून बसवून टाका म्हणजे झालं. डॉक्टरकडे न्यायचं नाव काढलं की रडते. म्हणते, बोटीवरून उतरवतील!"

टॉवेलखाली इझवानचे डोळे विस्फारले. पहिल्या रात्री जेवताना पाक लाँगनीच तर ती गोष्ट रंगवून सांगितली होती! त्यांच्या हपिसातल्या एका कारकुनाच्या छातीत दुखलं, बोटीच्या डॉक्टरनं त्याला स्ट्रेचरवर घालून बंदरात उतरवलं आणि बोट भोंगा वाजवत निघून गेली. सगळे पोट धरून हसले होते. त्यानंतर तासाभरात नेनेक पडली असणार, आणि पोरं तेव्हा खालच्या मजल्यावर व्हिडिओ गेमच्या खोलीत!

इझवाननं हे सांगताच वार्दिना पळत नेनेकच्या केबिनमध्ये गेली. नेनेक गाढ झोपली होती. शाल बाजूला सरकली होती आणि उजवा हात उशीवर होता. मनगट टम्म सुजलेलं. बोटं निळसर. चांदीची अंगठी मांसात रुतून दिसेनाशी झालेली. पण रडायला वेळ होता कुठे? घड्याळात अडीच वाजले होते.

बोटीचा दवाखाना अगदी तळमजल्यावर, इंजिनाच्या घरघरीजवळ होता. दारात पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर मारिविक भेटल्या. त्या फिलिपिन्सच्या, त्यांचं मलय तोडकंमोडकं, पण डोळे चांगले मायाळू.

"कुणाला लागलंय?"

"कुणालाच नाही!" तिघं एका सुरात म्हणाली.

"मग इथे जत्रा कशाला?"

वार्दिना पुढे झाली. "सिस्टर, समजा एका आजींचा हात मोडला, तर तुम्ही त्यांना बोटीवरून उतरवता?"

सिस्टर हसल्याच. "अगं, हात मोडलेल्यांना उतरवलं तर अर्धी बोट रिकामी होईल! मागच्या फेरीत एक आजोबा प्लास्टर घालून नाचत होते. ज्यांच्यावर इथे इलाज होत नाही, त्यांनाच उतरवतो. या समजा-आजींच्या बोटांचा रंग कसा आहे?"

"निळसर. आणि अंगठी रुतलीय."

सिस्टरांचं हसू मावळलं. "अंगठी लवकर निघाली पाहिजे. आणि हात कुणाला चोळू देऊ नका. हाडाला तडा असला आणि कुणी ओढाताण केली, तर हाड सरकेल. मग मात्र माझ्या हातात काही राहणार नाही. किनाऱ्यावरच्या इस्पितळातच पाठवावं लागेल."

"म्हणजे उतरवणार?" हैकल ओरडला.

"मग उतरवावंच लागेल. मी येऊ का वर?"

"नको! पांढरे कपडे पाहिले तर ती आतून कडी लावेल!" वार्दिना म्हणाली. "आम्हीच तिला आणतो. लगेच!"

पण आणायचं कसं? वर जाता जाता जिन्यातच बेत शिजला.

"हैकल, तू पडायचं आणि रडायचं," इझवाननं फर्मावलं.

"मीच का?"

"कारण तुला सराव आहे."

"ए! मी मागच्या वर्षीपासून रडलेलो नाहीये!"

"मग आज कसर भरून काढ!"

केबिनच्या दारापाशी पोचतात तो आत पाक लाँगबरोबर पाक दाऊद हजर! चारला सांगितलेलं माणूस तीनलाच आलेलं. बाह्या सरसावलेल्या, तेलाची बाटली उघडी, जायफळाचा घमघमाट. नेनेक डोळे मिटून, ओठ आवळून बसली होती.

धाड! बाहेर हैकल असा काही कोसळला की वार्दिनालाच क्षणभर खरं वाटलं. "मेलो! नेनेक! माझा डावा हात!"

नेनेक वाऱ्यासारखी बाहेर आली. "काय झालं रे माझ्या राजा? कुठे लागलं?"

"मनगट मुरगळलं त्याचं!" वार्दिना म्हणाली. "बरं झालं, पाक दाऊद इथेच आहेत. जरा ओढून, चोळून बसवतील. हो ना, पाक दाऊद?"

"खबरदार!" नेनेक गरजली. "पोराच्या हाताला कुणी बोट लावायचं नाही! आत काय मोडलंय ते काय डोळ्यांना दिसतं? आधी डॉक्टरकडे न्या त्याला! उभे काय राहिलात सगळे?"

पाक लाँग जमिनीकडे बघू लागले. पाक दाऊदनी बाटलीचं झाकण हळूच लावलं.

"आणि तुझ्या हाडाचं काय, नेनेक?" वार्दिनानं विचारलं. आता तिचे डोळे खरोखरच भरून आले. "त्याच्या हाडाला डॉक्टर, आणि तुझ्या हाडाला तेल?"

नेनेकनं हैकलकडे पाहिलं. एव्हाना तो डाव्याऐवजी उजवं मनगट धरून कण्हत होता.

"तुला काही झालेलं नाहीये, गुलामा!"

"नाही," हैकल म्हणाला. "पण तुला झालंय."

नेनेक मटकन दारातच बसली. "पोरांनो, तुम्हाला नाही कळायचं. अडतीस वर्षं! मी या बोटीवरून उतरले तर सोम धक्क्यावर उभी राहील आणि सगळी माणसं उतरून संपतील. तिला काय वाटेल? ती सत्तरीची आहे. पुन्हा कधी येणार मी?"

"तुला कुणी उतरवत नाही. मी विचारून आलेय."

"कुणाला विचारलंस?"

"दवाखान्यात. प्लास्टर घालतात आणि सोडून देतात. पण चोळून हाड सरकलं तर मात्र उतरवतील, नक्की!"

पाक दाऊद पाक लाँगकडे वळले. "काय हो, मला शीर सरकलीय म्हणून सांगितलंत! मोडलेल्या हाडाला मी हात लावत नाही. थोडक्यात वाचलो!"

पाक लाँगचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एरवी अख्ख्या घराला दरडावणारा हा माणूस, कानामागे खाजवत म्हणाला, "चूक माझीच. फोटो काढत होतो. आई, थोडी मागे हो, अजून मागे हो म्हणत गेलो. मागे ओली पायरी होती, माझं लक्षच नव्हतं. आणि ती कारकुनाची गोष्ट... अर्धीअधिक तिखटमीठ होतं त्यात."

"अर्धीअधिक?" नेनेक म्हणाली. दुखत्या हातानं फटका मारता येईना, म्हणून तिनं डाव्या हातानंच त्याच्या दंडावर एक ठेवून दिला. त्यात तिला काही पाप वाटलं नाही.

दहा मिनिटांत सगळी वरात दवाखान्यात! डॉक्टर थेन बर्माचे होते, बोलायचे कमी. सिस्टरांनी साबण लावला, बोटाला दोरा घट्ट गुंडाळत नेला आणि एक एक वेढा सोडवत अंगठी बाहेर काढली. नेनेकनं ओठ चावला आणि वार्दिनाचा हात घट्ट धरला. एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. मनगटाच्या वर हाडाला तडा होता, पण हाड जागेवर होतं.

"ओढलं असतं तर दोन तुकडे झाले असते," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तिघांकडे पाहिलं. "कुणी ओळखलं हे?"

"मी!" हैकल म्हणाला. "बिस्कीट खाताना!"

"आमच्या धंद्यात या," डॉक्टर म्हणाले. अख्ख्या दुपारभरात ते एवढंच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीनं फुकेतला नांगर टाकला. किनाऱ्यावर छोट्या होड्यांतून जायचं होतं. गळ्यात हात अडकवलेल्या नेनेकला एका बाजूनं पाक लाँगनी, दुसऱ्या बाजूनं इझवाननं धरलं आणि दोन खलाशांनी अलगद होडीत उतरवून घेतलं. होडीत ती नुसती धक्क्याकडे बघत होती.

धक्क्याच्या अगदी टोकाला एक काळीसावळी, काटकुळी म्हातारी उभी होती. तिनं आधी नेनेकचा चेहरा पाहिला, मग प्लास्टर पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "अडतीस वर्षांनी आलीस, ती पण हात मोडून!"

"काक सोम! ताई!" एवढंच नेनेकच्या तोंडून निघालं. मग दोघी रडत काय होत्या, हसत काय होत्या, एकमेकींचे गाल काय चाचपत होत्या! पाक लाँगनी कॅमेरा काढला, आणि या वेळी स्वतःच चार पावलं मागे गेले, आधी नीट वळून बघून.

नारळाखाली चटई अंथरून गप्पा सुरू झाल्या तेव्हा नेक सोमनं सगळी हकीगत ऐकून घेतली आणि वार्दिनाला जवळ ओढलं. "तुला सांगू? ही आठ वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडली. पाय भोपळ्याएवढा सुजला तरी तीन दिवस कुणाला सांगेना, कारण चौथ्या दिवशी जत्रा होती! मीच पकडलं तिला. माझं लग्न झालं, होडी सुटली, सगळे रडत होते आणि माझ्या मनात एकच घोर. आता हिची लपवाछपवी कोण पकडणार?" तिनं वार्दिनाचे दोन्ही हात हातात घेतले. "अडतीस वर्षं तो घोर होता गं. आज गेला."

चार तास बघता बघता संपले. त्यानंतर दोघी बहिणींची भेट झाली नाही. दुसऱ्या वर्षी नेक सोम गेली. पत्र आलं तेव्हा नेनेक खूप रडली आणि मग म्हणाली, "चार तास तर मिळाले. तेही या पोरांमुळे."

नेनेक पुढे सोळा वर्षं जगली. गुडघा धरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, नुसती शिंक आली तरी ती आधी वार्दिनाला हाक मारायची, "ये गं इकडे! तू पकडायच्या आत मीच सांगून टाकते!"